स्कुबाचे शब्द, सोप्या भाषेत

आजचा विषय ऐकून काही जणी रेडिओचा आवाज कमी करतील. "आमका स्कुबाचा काय करूचा?" असंही म्हणतील. जरा थांबा, कारण हा विषय तुमच्या घरात कधीच येऊन बसलाय.

मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात ऑक्टोबर ते मे पाहुण्यांचा राबता असतो. कोणाकडे निवास-न्याहारी आहे, कोणी जेवणाच्या ऑर्डरी घेतं, कोणाचा झील, भाचा नाहीतर धाकटा दीर स्कुबाच्या होडीवर कामाला जातो. संध्याकाळी ओल्या कपड्यांबरोबर त्याच्या तोंडून शब्द घरी येतात : रेग्युलेटर, बीसीडी, बार, सेफ्टी स्टॉप. पाहुण्यांची बाई पानावर बसल्या बसल्या विचारते, "काकी, इथं स्कुबा सुरक्षित आहे ना? माझ्या मुलाला पाठवू का?" आणि आपण सोलकढी वाढत सांगतो, "काय होत नाय." आता हे काही उत्तर झालं नाही. काय होऊ शकतं आणि ते होऊ नये म्हणून काय करतात, हे माहीत असेल तर उत्तर देता येतं. घाटावरच्या गटांनाही हे लागेल, कारण तुमच्या सहली इकडेच येतात. म्हणून आज हे शब्द एकेक करून सोडवू.

पहिला शब्द स्कुबा. हा काही कुणाच्या भाषेतला जुना शब्द नाही. पाच इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून तो तयार झाला, आपण एसटी म्हणतो तसा. अर्थ असा, की पाण्याखाली श्वास घेण्याचं असं साधन, ज्यात लागणारं सगळं बुडणाऱ्याच्या स्वतःच्या अंगावर असतं. अमेरिकेतले डॉक्टर ख्रिश्चन लॅम्बर्टसन यांनी हे नाव रूढ केलं. 'स्वतःच्या अंगावर' हे महत्त्वाचं. काही ठिकाणी टाकी होडीतच राहते आणि पाहुण्याच्या तोंडात लांब पाइपाचं टोक देतात. त्यालाही लोक स्कुबा म्हणतात, पण नावाप्रमाणे तो स्कुबा नव्हे, वरून हवा पुरवणं झालं. स्नॉर्कलिंग तर अगदीच वेगळं. त्यात तोंडात वाकडी नळी धरून पाण्यावर पालथं तरंगायचं आणि खाली बघायचं. बुकिंग करताना कुठलं करायचंय ते विचारून घ्यावं, कारण पैसे वेगळे, काळजी वेगळी.

आता टाकी, म्हणजे सिलिंडर. एका बैठकीत एक काकी म्हणाल्या, "ह्या टाकयेत ऑक्सिजन आसता मा?" नाही. दहातल्या नऊ जणांना असंच वाटतं. हॉस्पिटलातल्या सिलिंडरमुळे तसा समज झालाय. स्कुबाच्या टाकीत आपण आत्ता घेतोय तीच साधी हवा असते, गाळून, कोरडी करून, कॉम्प्रेसरनं दाबून भरलेली. हवेत साधारण ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो, टाकीतही तेवढाच. नुसता ऑक्सिजन भरून कोणी खाली गेलं तर सहा मीटरच्या पुढे तोच ऑक्सिजन विषासारखा होतो, माणसाला पाण्यातच झटके येऊ शकतात. या नायट्रोजनची गोष्ट पुढे येणार आहे, तेव्हा तो लक्षात ठेवा.

टाकी किती भरली हे 'बार'मध्ये मोजतात. बार हे दाबाचं माप. चारचाकीच्या टायरमध्ये दोनेक बार हवा असते. भरलेल्या स्कुबा टाकीत दोनशेच्या आसपास. म्हणजे टायरच्या शंभरपट. म्हणून टाकी आपटायची नाही, उन्हात तापत ठेवायची नाही. आपल्या घरच्या गॅस सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर चाचणीची मुदत लिहिलेली असते ना, अक्षर आणि वर्ष? तशीच या टाकीच्या खांद्यावर दाबाच्या चाचणीची तारीख ठोकलेली असते. आणि कॉम्प्रेसर कुठे ठेवलाय तेही बघण्यासारखं आहे. शेजारी डिझेल इंजिन धूर सोडत असेल तर तो धूर टाकीत जातो आणि मग खाली माणसाच्या छातीत.

रेग्युलेटर हा शब्द तर आपल्या स्वयंपाकघरातला. शेगडीचा रेग्युलेटर काय करतो? सिलिंडरमधल्या गॅसचा जोर कमी करून बर्नरला झेपेल एवढाच सोडतो. स्कुबाचा रेग्युलेटर तेच करतो, पण दोन पायऱ्यांत. एक टाकीच्या तोंडावर, दुसरी आपल्या तोंडात. आणखी एक फरक आहे. शेगडीला गॅस सारखा जातो, इथं माणसानं श्वास ओढला तरच हवा येते, ओढणं थांबलं की बंद. ही युक्ती १९४३ साली फ्रान्समध्ये निघाली. महायुद्धात पेट्रोल मिळेना, म्हणून एमिल गान्यां नावाच्या इंजिनिअरनं गॅसवर मोटार चालवण्यासाठी एक झडप बनवली होती. नौदलातल्या झाक-ईव्ह कूस्तो यांच्याबरोबर त्यानं तीच पाण्याखाली श्वास घेण्यासाठी बसवली. म्हणजे नात्यानं हा रेग्युलेटर आपल्या गॅसच्या रेग्युलेटरचा भाऊच.

एका रेग्युलेटरला दुसरं, बहुतेक पिवळं, तोंडात धरायचं टोकही लोंबत असतं. त्याला 'ऑक्टोपस' म्हणतात. सगळ्या नळ्या मिळून आठ पायांच्या त्या प्राण्यासारख्या दिसतात, म्हणून हे नाव. जोडीदाराची हवा संपली तर त्याला द्यायचं ते टोक. पिवळं अशासाठी, की घाबरलेल्या माणसाला पटकन दिसावं.

आता मूळ गोष्टीकडे येऊ, म्हणजे दाब. हा एक शब्द कळला की बाकीचे आपोआप सुटतात. डोक्यावर एक घागर घेतली तरी मान कळते. समुद्रात दहा मीटर, म्हणजे एका मध्यम माडाएवढं खाली गेलं, की वर असलेल्या पाण्याचा भार तेवढाच होतो जेवढा आपल्या डोक्यावरच्या सगळ्या आकाशातल्या हवेचा आहे. जमिनीवर एक पट, दहा मीटरवर दोन पट, वीसवर तीन पट, तीसवर चार पट. पाणी दाबलं जात नाही, पण हवा दाबली जाते. वरून फुगवलेला फुगा दहा मीटरवर नेला तर निम्मा होतो. आणि उलट, दहा मीटरवर फुगवलेला फुगा वर आणला तर दुप्पट होतो, नाहीतर फुटतो. हे उलटं वाक्य विसरू नका.

आपल्या अंगात हवा कुठं कुठं आहे? कानात, नाकाच्या आजूबाजूच्या पोकळ्यांत, छातीत. कानापासून सुरू करू. आंबोलीचा घाट उतरताना कानाला दडे बसतात, मग आपण आवंढा गिळतो किंवा जांभई देतो आणि कान सुटतो. पाण्यात हेच दोन-तीन मीटरवर होतं आणि घाटापेक्षा फार जोरात. नाक चिमटीत धरून हळूच हवा कानाकडे सोडायची, याला 'इक्वलाइज' करणं म्हणतात. आतला आणि बाहेरचा दाब सारखा करायचा. दुखायला लागल्यावर करायचं नाही, दुखायच्या आधीपासून, दर थोड्या अंतरानं करत जायचं. सुटत नसेल तर थोडं वर यायचं. तरी सुटलं नाही तर डाइव्ह संपली, पैसे गेले तरी चालतील. सर्दी झालेली असेल तर मुळात पाण्यात उतरायचंच नाही, कारण कान आणि नाकाची वाट आतून बंद असते. "एवढ्या लांबून आलोय, होईल काहीतरी" असं म्हणणारे पाहुणे असतात. कानाचा पडदा फाटला तर तो लांबून आलाय की जवळून, हे बघत नाही.

छातीचं मात्र त्याहून गंभीर, आणि ते आपल्या घरच्या पोरांसाठी जास्त. आपली किनाऱ्यावरची मुलं लहानपणापासून दम धरून बुड्या मारतात. कालवं काढतात, अडकलेलं जाळं सोडवतात. दम धरणं ही त्यांची शेखी. असं बुडताना छातीत वरची हवा असते, ती खाली दबते आणि वर येताना पुन्हा मूळ मापाची होते. काही बिघडत नाही. पण स्कुबात त्यानं खाली, दाबाखाली, टाकीतली हवा छातीत भरून घेतलेली असते. ती दाबून भरलेली हवा आहे. आता तो सवयीनं दम धरून वर आला तर तीच हवा फुगत जाते. दहा मीटरवरून वर येईपर्यंत दुप्पट. छाती काही दुप्पट होत नाही, फुफ्फुस आतून फाटतं. छाती भरलेली असताना सव्वा-दीड मीटर वर येणंसुद्धा पुरतं. म्हणून स्कुबाचा पहिला नियम : श्वास कधीही रोखायचा नाही, घेत राहायचा, सोडत राहायचा. पट्टीच्या पोहणाऱ्याला हे शिकवणं नवख्याला शिकवण्यापेक्षा अवघड जातं, कारण त्याला आधी जुनी सवय सोडावी लागते. "माझो झील जन्मापासून समुद्रात आसा, तेका काय शिकवतत?" असं म्हणणाऱ्या आयांनी एवढं ध्यानात घ्यावं.

दम धरून बुडण्यात कमीपणा आहे असं मात्र नाही. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर हेन्यो नावाच्या बायका आहेत. शिंपले, समुद्री शेवाळ, गोगलगायीसारखे मोठे समुद्री जीव त्या टाकी न लावता बुडून काढतात, कितीतरी जणी साठी-सत्तरी ओलांडलेल्या. वर आल्यावर त्या शीळ घातल्यासारखा श्वास सोडतात, त्यालाही त्यांच्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे, सुम्बिसोरी. पाण्यात जाण्याआधी आणि आल्यावर त्या दगडी आडोशाला शेकोटीभोवती बसतात. कुठं बुडायचं, कधी थांबायचं, कोण अजून शिकाऊ, हे तिथंच ठरतं. आपली गटाची बैठकच म्हणा ना. टाकी त्या मुद्दाम वापरत नाहीत. टाकी आली की एकीनंच सगळं काढून न्यावं असा मोह होतो, दमाला मात्र आपोआप मर्यादा असते. २०१६ साली युनेस्कोनं त्यांची ही परंपरा जगाच्या वारशात नोंदवली.

पुन्हा टाकीकडे. दाब वाढला की हवा लवकर संपते, हा हिशोब आपल्या नोंदवहीत मांडता येण्याएवढा सोपा आहे. ११ लिटरची टाकी, २०० बार, म्हणजे २,२०० लिटर हवा. त्यातली ५० बार राखून ठेवायची असा शिरस्ता, म्हणजे वापरायला १,६५० लिटर. थोडा घाबरलेला माणूस मिनिटाला २० लिटर हवा घेतो असं धरू. जमिनीवर बसून ती ८२ मिनिटं पुरेल. दहा मीटरवर प्रत्येक श्वासाला दुप्पट हवा लागते, म्हणजे ४१ मिनिटं. वीस मीटरवर २७. म्हणून हातातल्या 'प्रेशर गेज'कडे, म्हणजे काट्याकडे, सारखं बघायचं. दोन माणसांची टाकी सारखी असली तरी वेळ सारखा नसतो. घाबरट माणूस लवकर वर येतो.

बीसीडी म्हणजे ते जाड जाकीट, ज्याला मागे टाकी बांधलेली असते. त्यात हवेची पिशवी असते. बटण दाबलं की टाकीतून हवा आत येते आणि माणूस तरंगतो, दुसरं बटण दाबलं की हवा बाहेर जाते आणि तो खाली जातो. कमरेला शिशाचे तुकडे ओवलेला पट्टा असतो, कारण माणूस आणि त्याचा रबरी पोशाख मुळात वर तरंगू बघतात. जाळ्याला खाली शिसं आणि वर बुचं, तसंच हे. दोन्हीचा मेळ बसला की माणूस ना वर जातो ना खाली बसतो, अधांतरी राहतो. त्याला 'न्यूट्रल बॉयन्सी' म्हणतात. मासे हे जन्मतः करतात. घोळ माशाच्या पोटातलं बोत, ज्याला बाजारात एवढा भाव येतो, ती त्याची बीसीडीच. ज्याला हे जमत नाही तो तळाशी आपटत, पाय झाडत फिरतो आणि प्रवाळ मोडतो. एक प्रवाळ वाढायला किती वर्षं लागतात ते लक्षात घेतलं तर त्यावर उभं राहून फोटो काढणाऱ्यांचा राग येतो. १९८७ पासून मालवणचा समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर आहे, ते उगीच नाही.

आता त्या नायट्रोजनची गोष्ट. ती नीट ऐका, पाहुण्यांपेक्षा होडीवर काम करणाऱ्या मुलांच्या घरच्यांनी तर नक्कीच.

गोटी सोड्याची बाटली आठवा. बंद असते तेव्हा आत एकही बुडबुडा दिसत नाही. गोटी आत ढकलली की फसफसून वर येतं. गॅस आधीपासून पाण्यात विरघळलेला होता, दाबाखाली गप्प होता. दाब एकदम गेला, बुडबुडे झाले. माणूस दाबाखाली श्वास घेतो तेव्हा हवेतला नायट्रोजन असाच त्याच्या रक्तात, चरबीत, सांध्यांत विरघळत जातो. जितकं खोल, जितका वेळ, जितक्या वेळा, तितका जास्त. हळूहळू वर आलं तर तो उच्छ्वासावाटे निघून जातो. झटक्यात वर आलं तर अंगातच बुडबुडे होतात. याला 'डीकॉम्प्रेशन सिकनेस' म्हणतात, बोलीत 'बेंड्स', म्हणजे वाकणं.

वाकणं का, तर हे नाव पाणबुड्यांत नव्हे, पूल बांधणाऱ्या मजुरांत पडलं. नदीच्या तळाशी खांब रोवण्यासाठी मोठ्या पेट्या बुडवत, त्यात दाबून हवा भरत आणि मजूर आत उतरून माती खणत. बाहेर आल्यावर सांधे असे दुखत की ते वाकून चालत. त्या काळी अमेरिकेत बायकांची पुढे झुकून चालायची एक फॅशन होती, तिच्यावरून मजुरांनी थट्टेनं हे नाव पाडलं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये याच आजारानं अंथरुणाला खिळले. मग त्यांची बायको एमिली उभी राहिली. ती गणित शिकली, पोलादी दोरांचं शास्त्र शिकली, रोज कामावर जाऊन नवऱ्याच्या सूचना पोचवू लागली, अधिकाऱ्यांशी बोलू लागली. असं अकराएक वर्षं चाललं. १८८३ मध्ये पूल पुरा झाला तेव्हा त्यावरून पहिल्यांदा गाडीतून गेली ती एमिली, मांडीवर विजयाची खूण म्हणून कोंबडा घेऊन.

हळू म्हणजे किती हळू, हे शोधून काढलं ते जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञानं, तेही शेळ्यांवर प्रयोग करून. शेळी दाबाच्या खोलीत ठेवायची, बाहेर काढायची आणि पाय उचलून लंगडते का ते बघायचं. त्यांची कोष्टकं १९०८ मध्ये छापली गेली. (यांचाच मुलगा जे. बी. एस. हाल्डेन पुढे भारतात येऊन राहिला, इथलाच नागरिक झाला.) त्या कामातूनच आजचे नियम वाढले. मिनिटाला नऊ मीटरपेक्षा वेगानं वर यायचं नाही, आणि पाच मीटरवर आल्यावर तीन मिनिटं थांबायचं. हाच तो 'सेफ्टी स्टॉप'. दोन बुड्यांमध्ये होडीवर जो आराम करायचा त्याला 'सरफेस इंटरव्हल' म्हणतात. तो आराम चहासाठी नसतो, नायट्रोजन बाहेर जायला दिलेला वेळ असतो. मनगटावरचा 'डाइव्ह कॉम्प्युटर' हे सगळं मोजत राहतो.

पाहुणा एकदा सहा-सात मीटरवर पंधरा-वीस मिनिटं जाऊन येतो, त्याला बेंड्सची भीती फार थोडी. त्याची भीती कानाची आणि दम धरण्याची. पण जो मुलगा त्याला धरून खाली नेतो, तो मागोमाग दुसऱ्याला नेतो, मग तिसऱ्याला. सकाळपासून खाली-वर, खाली-वर. यो-यो खेळल्यासारखं, म्हणून त्याला तेच नाव आहे. प्रत्येक फेरीत थोडा नायट्रोजन अंगात साठत जातो. सुट्टीच्या दिवसांत गर्दी असते, पैसे फेरीवर असतात, आराम कोण घेणार? रात्री तो म्हणतो, खांदा दुखतोय. "टाकये उचलून दुखत आसतलो," म्हणून आई तेल चोळते आणि झोपवते. आमच्या एका गटातल्या ताईंनी हेच सांगितलं, "मियां तेल चोळलंय, सकाळपर्यंत बरो झालो." त्यावेळी ते टाक्या उचलूनच असेल. पण बेंड्सची लक्षणंही हीच : खांदा, कोपर, गुडघा ठणकणं, हातापायाला मुंग्या, अंगाला खाज, चक्कर, न संपणारा थकवा. आणि ती वर आल्यावर काही तासांनीही दिसू शकतात. हातपाय बधिर वाटले, लघवी होईना, तोल जायला लागला तर तेलाची बाटली बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. त्याला आडवं झोपवा, शुद्धीवर असेल तर पाणी द्या. ऑक्सिजन मिळेल तितका लवकर लावायचा असतो, हो, इथं मात्र तो हॉस्पिटलातला ऑक्सिजनच. डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा, की हा स्कुबा करतो, आज इतक्या वेळा, इतका खोल गेला, इतक्या वाजता शेवटचा वर आला. हे सांगितलं नाही तर डॉक्टर सांधेदुखीची गोळी देतील, त्यात त्यांची काय चूक? खरा इलाज दाबाच्या खोलीत होतो. माणसाला पुन्हा दाबाखाली ठेवतात आणि अगदी सावकाश बाहेर आणतात. अशा खोल्या नौदलाकडे आणि काही मोठ्या रुग्णालयांत असतात, खेड्यात नसतात, म्हणूनच वेळ घालवायचा नाही.

किती फेऱ्या, किती खोल, किती वेळ, हे लिहायची वही असते, तिला 'लॉग बुक' म्हणतात. आपण गटाची वही जशी दर बैठकीला भरतो, तशी ती दर बुडीनंतर भरायची. मुलगा भरतो का, ते आईनं विचारायला हरकत नाही.

विमानाचाही याच्याशी संबंध आहे. विमान वर गेलं की दाब आणखी कमी होतो, म्हणजे सोड्याची बाटली पुन्हा उघडली. म्हणून एका बुडीनंतर निदान १२ तास, जास्त बुड्या झाल्या असतील तर १८ तास विमान टाळतात. चिपी किंवा मोपा विमानतळावरून संध्याकाळी निघणारा पाहुणा सकाळी स्कुबाला निघाला तर त्याला हे सांगणारी तुम्हीच असाल. स्कुबा पहिल्या दिवशी, किल्ला आणि खरेदी शेवटच्या दिवशी, असा बेत त्याला सुचवा. आंबोली जवळपास सातशे मीटर उंचीवर आहे. दिवसभर खूप बुड्या मारलेल्या मुलानं त्याच संध्याकाळी घाट चढू नये, तेही याच कारणानं.

फार खोल, तीस मीटरच्या आसपास, नायट्रोजन डोक्यातही चढतो, दारू प्यायल्यासारखं होतं. त्याला 'नार्कोसिस' म्हणतात. आपल्या पाहुण्यांचा त्याच्याशी संबंध येत नाही.

'मुलगा स्कुबात आहे' असं सांगतात तेव्हा विचारावं, कशात? होडी धरतो, टाक्या भरतो, की पाण्यात नेतो? 'ट्राय डाइव्ह' किंवा 'डिस्कव्हर स्कुबा' म्हणजे काही न शिकलेल्या पाहुण्यानं प्रशिक्षकाच्या हाताखाली एकदा बघून येणं. त्याची मर्यादा १२ मीटर. 'ओपन वॉटर' हा तीन-चार दिवसांचा कोर्स, तो केलेल्याला १८ मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर जाता येतं. त्याच्यापुढे 'अॅडव्हान्स्ड', 'रेस्क्यू', मग 'डाइव्हमास्टर', मग 'इन्स्ट्रक्टर'. पाहुण्यांना घेऊन जाणं हे डाइव्हमास्टरच्या पुढचं काम. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं प्रशिक्षण केंद्र आहे. कागद हातात असेल तर पावसाळ्यात इथला समुद्र बंद असताना अंदमानला किंवा परदेशातही काम बघता येतं. नुसतं पोहता येणं आणि हा कागद, यात पगाराचाही फरक आहे. गटाच्या अंतर्गत कर्जातून मोटारसायकल घ्यायची की कोर्सची फी भरायची, असा प्रश्न एका बैठकीत आला होता. माझं मत मी तिथंच दिलं होतं : फी.

आणि हे फक्त मुलांचंच काम, असं कुठं लिहिलेलं नाही. मुलीही करतात. पाहुणी म्हणून जाणाऱ्या बायांसाठी दोन शब्द. पोहता येत नसलं तरी ट्राय डाइव्ह करता येते. पाळी असली तरी अडचण नाही. पण दिवस गेलेले असतील, नुसती शंका असेल तरी, उतरायचं नाही. बाळाच्या अंगात बुडबुडे झाले तर काय होईल याची परीक्षा कोणी घ्यायची? उतरण्याआधी एक 'मेडिकल फॉर्म' देतात. दमा, फिट, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन हे त्यात विचारलेलं असतं. पैसे भरून झाल्यावर आपण सगळीकडे 'नाही' लिहून मोकळ्या होतो. वाचून लिहा. फॉर्म देतच नसतील तर दुसरी होडी बघा.

होडीवर झेंडाही असतो. लाल, त्यावर तिरपा पांढरा पट्टा, किंवा निळा-पांढरा. अर्थ : खाली माणसं आहेत, इंजिन मंद करा, लांबून जा. हे घरच्या मच्छीमारांना सांगा, त्यांना त्या झेंड्याचं कौतुक नसतं.

शेवटी खुणा, कारण पाण्याखाली तोंडात रेग्युलेटर असतो, बोलता येत नाही. 'बडी' म्हणजे जोडीदार. त्याच्या नजरेच्या टप्प्यात राहायचं आणि हातानं बोलायचं. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल केला की 'ठीक आहे'. पंजा आडवा धरून डोलवला की 'काहीतरी बिघडलंय', मग त्या जागेकडे बोट दाखवायचं, कान तर कान. मूठ छातीवर ठेवली की 'हवा कमी आहे'. हात गळ्यावरून आडवा फिरवला की 'हवा संपली', तेव्हा जोडीदारानं पिवळं टोक द्यायचं. आणि आपण फोटोत जो अंगठा वर करून 'मस्त' म्हणतो, त्याचा पाण्याखाली अर्थ 'मला वर न्या' असा होतो. पाहुणे हौसेनं कॅमेऱ्यासमोर अंगठा दाखवतात आणि बिचारा गाइड त्यांना पाच मिनिटांत वर घेऊन येतो. मग वर भांडण. तेव्हा न्याहारी वाढताना तुमच्या पाहुण्यांना एवढं आधीच शिकवून ठेवा : मजा वाटली तर गोल करायचा, अंगठा नाही.